हेल्मेटच्या आतलं वय

क्रिकेटपटूचं वय दिसतं. आखूड टप्प्याच्या चेंडूवर बॅट किंचित उशिरा येते, दुसरी धाव नाकारली जाते, कव्हरमध्ये झेपावणारा माणूस एक दिवस स्लिपमध्ये जाऊन उभा राहतो. कबड्डीत गुडघ्यांना पट्टे चढतात. फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरचं वय मात्र कुठेच दिसत नाही. डोक्यावर हेल्मेट, अंगावर आगीपासून वाचवणारा सूट, आणि खांद्यापर्यंतचा माणूस गाडीच्या पोटात. बाहेरून कळतो तो फक्त हेल्मेटचा रंग. आत १८ वर्षांचं पोरगं बसलंय की ४३ वर्षांचा बाप्या, हे ताशी तीनशेच्या वेगाने समोरून गेलेल्या गाडीकडे पाहून कुणाचा बापही सांगू शकणार नाही.

म्हणूनच या खेळाच्या शौकिनांना वयावर बोलायला इतकं आवडतं. जे डोळ्यांना दिसतं त्यावर भांडणार किती वेळ? इथे पुराव्याला फक्त आकडे असतात, आणि आकड्यांचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या मगदुराप्रमाणे लावायचा असतो. हंगामातल्या पहिल्या शर्यतीला तर हे आकडेही अपुरे असतात, त्यामुळे तोंडाला अधिकच धार येते.

मेलबर्नची शर्यत आपल्या सोयीची. युरोपातल्या शर्यती रविवारची संध्याकाळ खातात, अमेरिका खंडातल्या झोप खातात. मेलबर्नची ऐन पोह्यांच्या वेळेला येते. १६ मार्च २०२५ ला सकाळी साडेनऊला हंगाम सुरू झाला तेव्हा आम्ही पुण्यात एका मित्राच्या घरी नेहमीप्रमाणे जमलो होतो. मित्राचं गॅरेज आहे. दुसरा मित्र बँकेतून निवृत्त झालेला. आणि गॅरेजवाल्याची मुलगी, जी आम्हाला काका म्हणते आणि आमच्यापैकी कुणाचंही ऐकत नाही. तिचा जन्म २००५ चा, म्हणजे फर्नांडो अलोन्सो पहिल्यांदा जगज्जेता झाला त्या वर्षीचा. अलोन्सोने पहिली शर्यत याच आल्बर्ट पार्कच्या रस्त्यावर, २००१ मध्ये, मिनार्डीसारख्या गरीब संघाकडून चालवली होती. म्हणजे ती जन्मायच्या आधीपासून हा माणूस तीच वळणं घेतोय. तिला यात कौतुक वाटण्याऐवजी थोडा राग येतो.

त्या दिवशी ग्रिडवर अलोन्सो ४३ चा होता, लुइस हॅमिल्टन ४० चा आणि निको हुल्केनबर्ग ३७ चा. दुसऱ्या टोकाला आंद्रेआ किमी अँटोनेली, १८ वर्षांचा. हॅमिल्टनने मर्सिडीज सोडून फेरारीचा लाल सूट चढवला होता, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर अँटोनेली बसला होता. दोघांचीही पहिलीच शर्यत, एकाची नव्या घरातली आणि दुसऱ्याची आयुष्यातली. त्यात पाऊस.

फेरारीच्या दोन गाड्यांमधला फरक आम्ही आदल्या दिवशीच्या क्वालिफाइंगपासून धरून बसलो होतो. शार्ल लक्लेर सातवा, हॅमिल्टन आठवा. दोघांच्या वेळेत साधारण दोन दशांश सेकंदांचं अंतर. हे अंतर म्हणजेच या खेळातलं वय मोजायचं एकमेव साधन. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या असतात, बऱ्याचशा सारख्या. दुसऱ्या संघाच्या ड्रायव्हरशी तुलना केली की गाडीचा हिशेब मध्ये येतो, त्यामुळे खरी तुलना फक्त टीममेटशी. साठ वर्षांच्या बाईला सून जशी येता-जाता तिच्या वयाची आठवण करून देते, तसा हा शेजारचा पोरगा दर शनिवारी आठवण करून देतो, तीही हजारांश सेकंदापर्यंत मोजून.

बँकवाला म्हणाला, "दोन दशांश म्हणजे काहीच नाही. नवी गाडी आहे, जमेल." मुलगी म्हणाली, "काका, दोन दशांश म्हणजे वय." गॅरेजवाला दोघांनाही वेडे ठरवतो. त्याचं म्हणणं कायम एकच: गाडीत दम नसेल तर आत प्रत्यक्ष मारुती बसवा, पोडियम मिळणार नाही.

मला वाटतं, दोन दशांशामागचं कारण आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो. वय वाढलं की प्रतिक्रिया मंदावते हे खरं, पण चाळिशीतला कसलेला ड्रायव्हर त्याची भरपाई आधीच अंदाज घेऊन करतो. मानेचं म्हणाल तर जोरकस वळणावर पाचपट गुरुत्वाकर्षणाचा ताण येतो. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरा, म्हणजे तीसहून अधिक किलो एका बाजूला ओढतात. व्यायाम आणि आहाराचं आजचं शास्त्र हे ओझं चाळिशीतल्या मानेलाही पेलायला लावतं. खरी अडचण सवयीची असते. हॅमिल्टन २००७ पासून २०२४ पर्यंत जी गाडी चालवत होता तिच्यात कायम मर्सिडीजचंच इंजिन होतं, मॅक्लारेनमध्येही. पाय सोडल्यावर गाडी किती ओढ घेणार, ब्रेक कुठे चावणार, हे त्याच्या डोक्याला नाही, तळपायाला पाठ. फेरारीत गेल्यावर तळपायाला नव्याने शाळेत जावं लागलं. आणि या शाळेला हल्ली दिवसच नाहीत. मायकेल शूमाखरच्या काळी फेरारीवाले आपल्याच फिओरानोच्या ट्रॅकवर वाटेल तितकं टेस्टिंग करायचे. २०२५ मध्ये हंगामापूर्वी बहरीनला तीन दिवस मिळाले, तेही दोन ड्रायव्हरांनी वाटून घ्यायचे. १८ वर्षांच्या मुलाला विसरायचं काहीच नसतं. ४० वर्षांच्या माणसाला शिकण्याआधी विसरावं लागतं.

शर्यत सुरू होण्याआधीच एक गोष्ट घडली. इझाक हाजार, वय २०, पहिलीच ग्रां प्री. फॉर्मेशन लॅपमध्ये, म्हणजे नुसतं रांगेत येऊन उभं राहण्यासाठी मारायच्या फेरीत, त्याची गाडी ओल्या रस्त्यावर घसरून भिंतीवर गेली. तो हेल्मेट न काढता, हाताने व्हायझर झाकून, रडत परत येत होता. तेव्हा एक वयस्कर गृहस्थ पुढे झाले आणि त्याला जवळ घेऊन बोलत बोलत घेऊन गेले. ते हॅमिल्टनचे वडील, अँथनी. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या वेळी ग्रिडवर उभा होता. नंतर रेड बुलचे सल्लागार हेल्मुट मार्को यांनी त्या रडण्याला लाजिरवाणं म्हटलं. मार्को तेव्हा ८१ वर्षांचे. १९७२ च्या फ्रेंच ग्रां प्रीत पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेला दगड डोळ्यात घुसून त्यांची स्वतःची कारकीर्द २९ व्या वर्षी संपली होती. त्यांना कुणी जवळ घेतलं होतं का, ठाऊक नाही. पण एवढं सोसलेला माणूस असं का बोलला असावा, यावर आमच्यात शर्यतीपेक्षा जास्त वेळ चर्चा झाली.

पुढे जॅक डूहान पहिल्याच फेरीत गेला. सेफ्टी कारच्या मागे जाताना सान्झ गेला. मग अलोन्सोची गाडी भिंतीला घासली, नंतर बोर्तोलेतो, नंतर लॉसन. भिंत कुणाचाही जन्मदाखला मागत नव्हती. शेवटी लँडो नॉरिसने वर्स्टापेनला एका सेकंदाहून कमी अंतराने मागे ठेवून शर्यत जिंकली, रसेल तिसरा. अँटोनेली सोळाव्या क्रमांकावरून निघून चौथा आला. म्हाताऱ्यांमधला हुल्केनबर्ग सातवा. पुन्हा पाऊस आला तेव्हा फेरारीने आपल्या दोन्ही गाड्या कोरड्या टायरवर गरजेपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवल्या. लक्लेर आठवा, हॅमिल्टन दहावा. रेडिओवर इंजिनिअर सारखा सूचना देत होता आणि हॅमिल्टन त्याला, मला माझ्या पद्धतीने चालवू दे, असं सुनावत होता. ही कुरबुर आम्हाला निकालापेक्षा बोलकी वाटली.

अॅस्टन मार्टिनचा हिशेब मात्र सरळ दिसत होता. अलोन्सो भिंतीत, आणि त्याच संघाचा लान्स स्ट्रोल, वय २६, सहावा. मुलीने विजयी मुद्रेने बोट दाखवलं. एका शर्यतीवरून निष्कर्ष काढणं म्हणजे घातल्या दिवशीच लोणचं चाखून मीठ कमी म्हणणं, हे तिला सांगून काही उपयोग नव्हता.

पण तो हंगाम पुढे कसा गेला ते पाहा. आठवड्याभरात चीनमध्ये हॅमिल्टनने स्प्रिंट, म्हणजे मुख्य शर्यतीआधीची छोटी शर्यत, जिंकली आणि बँकवाल्याने आम्हाला पेढे खायला घातले. मग तो वर्षभर एकाही ग्रां प्रीत पोडियमवर आला नाही. त्याच्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच घडलं. ऑगस्टमध्ये हंगेरीत लक्लेरने पोल घेतली आणि हॅमिल्टन त्याच गाडीत बारावा. शर्यतीआधी तो उघड म्हणाला की मी कुचकामी आहे, फेरारीने ड्रायव्हर बदलावा. आणि स्ट्रोलच्या शेजारी बसलेला म्हातारा? अलोन्सोने जवळजवळ प्रत्येक क्वालिफाइंगला स्ट्रोलला मागे टाकलं. हंगेरीत तो पाचवा आला, तेव्हा तो ४४ चा झाला होता.

म्हणजे मेलबर्नच्या सकाळी जे दिसलं त्याच्या बरोब्बर उलट. तिथे हॅमिल्टन तरुणाच्या जवळ दिसत होता आणि अलोन्सो संपलेला. हंगामाची पहिली शर्यत खोटं बोलते, हे मला नवं नाही. २०१० मध्येही ती बोलली होती.

१४ मार्च २०१०, बहरीन. तीन वर्षं घरी बसलेला मायकेल शूमाखर ४१ व्या वर्षी परत आला होता, चंदेरी मर्सिडीजमध्ये. त्याच शर्यतीत चेन्नईचा करुण चांढोक पदार्पण करत होता, एचआरटी नावाच्या कशाबशा उभ्या राहिलेल्या संघाकडून. त्याच्या गाडीचे सुटे भाग इतक्या उशिरा जोडले गेले की क्वालिफाइंगच्या आधी त्याने त्या गाडीत एकही फेरी मारलेली नव्हती. रविवारी दुसऱ्या फेरीतच तो बाहेर पडला. म्हणजे एका ड्रायव्हरला जगातला सगळा अनुभव होता आणि एकाला स्वतःच्या गाडीचाही नव्हता, आणि आम्ही दोघांसाठी जीव टाकत होतो. शूमाखर सहावा आला, त्याचा तरुण जोडीदार निको रॉसबर्ग पाचवा. एका जागेचा फरक! आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. वर्षअखेरीस रॉसबर्गचे गुण १४२ आणि शूमाखरचे ७२.

तेव्हापासून बँकवाल्याचं एक तत्त्वज्ञान आहे आणि ते त्याने मुंबईकर विजय मर्चंट यांच्याकडून उसनं घेतलंय. लोक 'का थांबलास' विचारतात तोवर थांबावं, 'का थांबत नाहीस' विचारण्याची वेळ येऊ देऊ नये, असं मर्चंट म्हणाल्याचं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. स्वतः मर्चंट १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढून कसोटीतून बाहेर पडले. पण एक गंमत आहे. मर्चंट जन्मले १९११ मध्ये, आणि त्याच वर्षी अर्जेंटिनात हुआन मान्वेल फांजिओ जन्मला. मर्चंट शेवटची कसोटी खेळत होते त्या वर्षी फांजिओने पहिलं जगज्जेतेपद मिळवलं. उरलेली चार त्याने पुढे मिळवली, शेवटचं १९५७ मध्ये, ४६ व्या वर्षी.

वय आणि पहिली शर्यत एकत्र पाहायची असेल तर माझ्या मते जानेवारी १९५५ ची ब्युनोस आयर्सची शर्यत पाहावी. उन्हाळा, चाळीस अंशांच्या आसपास तापमान, ९६ फेऱ्या, तीन तास. त्या काळी एक थकला की त्याच गाडीत दुसरा बसायचा, नियमाला मान्य होतं. त्या दिवशी माणसं गाडीतून उतरून कोसळत होती. तरुण स्टर्लिंग मॉसला उन्हाने इतकं बेजार केलं की त्याला रुग्णवाहिकेत घातलं. दुसऱ्या क्रमांकाची फेरारी तिघांनी मिळून चालवली. त्यातला एक, निनो फारिना, ४८ वर्षांचा. फांजिओ ४३ चा. तापलेल्या नळीने त्याचा पाय भाजत होता. तो शेवटपर्यंत एकटाच बसून राहिला आणि जिंकला. पूर्ण अंतर एकट्याने चालवणारा त्याच्याखेरीज फक्त एकच, रोबेर्तो मिएरेस, तोही अर्जेंटिनाचाच. उन्हात वाढलेली माणसं. इथे वय हरलं असं मला म्हणवत नाही. वयाला त्या हवेची ओळख होती, एवढंच.

फांजिओच्या पिढीने तिशीतली वर्षं महायुद्धात घालवली होती, म्हणून ते चाळिशीत तरुण ड्रायव्हर होते. १९५० च्या पहिल्या अधिकृत शर्यतीत सिल्व्हरस्टोनला दुसरा आलेला लुइजी फाजिओली ५१ वर्षांचा होता. लुई शिराँ १९५५ मध्ये मोनाकोला ५५ व्या वर्षी उतरला आणि सहावा आला. त्यांना कुणी 'कधी थांबणार' असं विचारत नव्हतं, कारण त्या काळी थांबवण्याचं काम दुसरंच कुणी करत होतं. अल्बेर्तो अस्कारी त्याच १९५५ मध्ये गेला, ३६ चा होता. आयर्टन सेना इमोलाला अपघातात गेला तेव्हा ३४ चा. जॅकी स्ट्युअर्ट ३४ व्या वर्षी, शंभरावी शर्यत न चालवताच थांबला, कारण आदल्या दिवशी त्याचा जोडीदार फ्रांस्वा सव्हेर वॉटकिन्स ग्लेनला सरावात मेला होता. आज ४० वर्षांचा ड्रायव्हर हा चर्चेचा विषय होऊ शकतो, याचं बरंचसं श्रेय कार्बनच्या कवचाला, सुधारलेल्या भिंतींना आणि २०१८ पासून डोक्यावर आलेल्या हेलोच्या कमानीला. मेलबर्नला सहा गाड्या भिंतीत गेल्या आणि सहाही जण पायी परत आले. त्यांच्या वयावर भांडण्याची चैन आम्हाला त्यामुळे परवडली.

बँकवाल्याच्या तत्त्वज्ञानाला माझा विरोध त्यामुळेच आहे. "आठवण खराब होते रे," तो म्हणतो. कुणाची? सचिनच्या शेवटच्या दोन वर्षांत हाच गडी, देवाने आता थांबावं, असं दर सामन्याला म्हणायचा, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर सचिन बोलायला उभा राहिला तेव्हा टीव्हीसमोर डोळे पुसत होता. सचिनला फेरारीची किल्ली २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला खुद्द शूमाखरने दिली होती. दोघांच्याही उताराची वर्षं आम्ही जिवंतपणी, रागावून, पाहिली. आज शूमाखरचं नाव काढलं की कुणाला ७२ गुण आठवत नाहीत, सात विजेतेपदं आठवतात. आठवण इतकी नाजूक नसते. 'त्याने शिखरावर असताना थांबावं' या म्हणण्यात त्याची काळजी कमी आणि आपल्या अल्बमची जास्त असते. ज्याला चालवायचंय आणि कुणी पगार देऊन चालवू देतंय, त्याने आपल्या अल्बमसाठी घरी का बसावं?

मुलीचा मुद्दा मात्र मला सहज झटकता येत नाही. ती आठवणीबद्दल बोलतच नाही, ती जागांबद्दल बोलते. २०२५ मध्ये दहा संघ होते, वीस गाड्या. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकूनही शेवटच्या दारात अडकला. "चाळिशीतले उठले असते तर?" ती विचारते.

मी तिला मेलबर्नची यादी दाखवतो. त्या ग्रिडवर पूर्ण हंगाम पहिल्यांदाच खेळणारे सहा जण होते. अँटोनेलीला जागा मिळाली ती हॅमिल्टन निवृत्त झाला म्हणून नाही, तो उठून दुसऱ्या खुर्चीवर बसला म्हणून. बोर्तोलेतोची कारकीर्द सांभाळणारी कंपनी अलोन्सोची. मेलबर्नला गुरू-शिष्य दोघेही भिंतीत गेले, आणि हंगेरीत पाचव्या अलोन्सोच्या पाठोपाठ सहावा बोर्तोलेतोच आला. अलोन्सो उठला असता तर ती जागा मुंबईला आली नसती. ती एखाद्या बड्या संघाच्या अकादमीतल्या किंवा बड्या बापाच्या पोराला गेली असती.

ती जरा वेळ फोनमध्ये काहीतरी शोधते आणि स्क्रीन माझ्यापुढे धरते. २०२३ मध्ये आखातातली फॉर्म्युला रीजनल स्पर्धा अँटोनेलीने जिंकली, तेव्हा तो ज्या संघाकडून चालवत होता त्याचं नाव मुंबई फाल्कन्स. "बघा," ती म्हणते, "संघ आपला, गाडी आपल्या नावाची, आणि आत पोरगा बोलोन्याचा. यात तुमच्या म्हाताऱ्यांचा दोष नाही, हे मान्य. मग कुणाचा आहे ते सांगा." गॅरेजवाला पहिल्यांदाच गाडीला दोष न देता गप्प बसतो, आणि बँकवाला कर्जाचे व्याजदर, प्रायोजक आणि एका हंगामाला लागणारे कोट्यवधी रुपये यांचा हिशेब कागदावर मांडायला घेतो.